वरची रिकामी जागा

सड्यावरून उतरताना डाव्या हाताला
आमच्या नऊ टाक्या दिसतात, त्यांच्यामागे मुरगावचा धक्का.
सातवीत नाफ्था.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो,
तेल पेटत नाही रे, तेल नुसते पडून असते.
पेटते ती वरची रिकामी जागा,
तेल आणि छपरामधली,
जिथे वाफ हवेशी सलगी करते
आणि कुणाच्या नायलॉनच्या सदऱ्यातली ठिणगीही पुरते.
म्हणून तिथे नत्रवायू सोडायचा,
हलक्या हाताने, वरून.
तेलाच्या पोटात सोडलात तर बुडबुडे
हलका अंश घेऊन पळतील, मालाचा कस जाईल.
जास्त सोडलात तर छप्पर शिवणीवर उसवेल.
आणि खालून तेल उपसताना द्यायला विसरलात
तर एवढी मोठी टाकी
पायाखाली आलेल्या डब्यासारखी आत चेपेल.

पोरे मान हलवतात. कळलेले नसते.
मग मी मिस्कुटाची गोष्ट सांगतो:
बरणीत फोडींवर आई चार बोटे तेल ठेवते ना,
हवा लागू नये म्हणून?
तसेच. फक्त इथे तेलावर नत्र.

हे सगळे मला इनासने शिकवले,
चिखलीचा इनास बार्रेत, डिपमन,
फीत सोडून तळ मोजणारा.
कान टाकीला लावून म्हणायचा,
'आयक, श्वास घेता ती.'
दुपारी पत्रा तापला की व्हॉल्व्ह सुस्कारा टाकायचा,
संध्याकाळी खाडीवरून वारा आला
की नळीतून नत्र आत ओढला जायचा.

मार्चमध्ये सातवी रिकामी केली, धुवायला.
वाफ मोजली, शून्य.
प्राणवायू मोजायचा होता दुपारच्या पाळीत.
नत्राचा व्हॉल्व्ह मी बंद केला होता,
ह्याच हातांनी, शेवटपर्यंत पिळून.
पण जोडावर आंधळी चकती बसवायची असते.
ती भांडारात होती.
भांडारवाला जेवायला गेला होता.
व्हॉल्व्ह म्हातारा होता,
थोडा, अगदी थोडा, झिरपत होता.

इनासच्या फितीचे पितळी लोळक
गेल्या आठवड्यात तुटून तळाशी पडले होते.
मॅनहोलमधून त्याला ते चमकताना दिसले.
पाच पावलांवर.

वास नाही. खोकला नाही. जळजळ नाही.
छातीला काही कळतच नाही,
कारण श्वास चालूच असतो.
दुसरा, फार तर तिसरा.
शाबलोने हाक मारली तेव्हा तो
कुशीवर झोपल्यासारखा होता.
मी शाबलोला कमरेला धरून मागे ओढला,
नाहीतर तोही गेला असता
चांगुलपणाने.

चौकशीत मी खरे ते सांगितले.
कागदावर त्याचे एक वाक्य झाले.

महिन्याच्या मिसेनंतर पर्पेतिनने मला आत बोलावले.
शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी
सताड उघडी. हल्ली रात्रीही मिटत नाही, म्हणाली.
मग विचारले, तो वायू कसला होता?
विषारी?
मी म्हटले, नाही.
ह्या खोलीतसुद्धा पाचातले चार भाग तोच आहे.
आत्ता. तुमच्या, माझ्या छातीत.
ती खूप वेळ खोलीकडे पाहत राहिली,
भिंतीकडे, कुरसाकडे, मधल्या मोकळ्या हवेकडे,
जणू कुणी तिथे बसलेले मी तिला दाखवले होते.

चकतीचे मी सांगितले. सांगायचेच होते.
ती काही बोलली नाही.
उठली, शिंक्याखालची बरणी ओढली,
डब्यात मिस्कुट भरून दिले,
आणि फडके बांधण्याआधी
बरणीत बोट घालून पाहिले
फोडींवर तेल किती उरले आहे.

लोळक आता माझ्या फितीला आहे.
चकती माझ्या खिशात असते, जड,
चालताना मांडीवर आपटते.
सातवीच्या छपरावर उकिडवा बसून
मी फीत सोडतो. दोन, चार, सहा मीटर.
लोळक तेलाला लागते तिथे
हाताला किंचित कळते.
त्याच्या वर किती रिकामे, ते
मी वहीत लिहितो.